नवी एम५ : आतून पटली, बाहेरून नाही. तुमचं मत काय?

तापीकाठ (जळगाव)

नमस्कार मंडळी,

बीएमडब्ल्यूची नवी एम५, म्हणजे ५ सिरीजच्या वेगवान अवताराची जी९० पिढी, नोव्हेंबर २०२४ मध्ये आपल्याकडे १ कोटी ९९ लाख एक्स-शोरूमला आली. तेव्हापासून आपल्या जळगाव-धुळ्याच्या गाडीवेड्या मंडळींत सरळ दोन तट पडलेत. व्हॉट्सअ‍ॅपवर वाद होतो आणि दुसऱ्या दिवशी वाहून जातो, म्हणून इथे सविस्तर मांडतो.

आधी गाडी काय आहे ते. ४.४ लिटर ट्विन टर्बो व्ही८ म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, ते एकटं ५८५ पीएस (अश्वशक्ती). आठ गिअरच्या गिअरबॉक्समध्येच बसवलेली १९७ पीएसची इलेक्ट्रिक मोटर. दोन्ही मिळून ७२७ पीएस आणि १००० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर. शून्य ते शंभर ३.५ सेकंदात. खाली १८.६ किलोवॅट-तासाची बॅटरी, घरी चार्ज करायची, आणि पेट्रोलचा थेंबही न जाळता कागदावर ६९ किलोमीटर. अशी प्लग-इन हायब्रिड एम५ च्या इतिहासात पहिल्यांदाच. वजन मात्र २,४३५ किलो.

सगळे वजनावर तुटून पडलेत. मला वजनापेक्षा तिचं रूप जास्त खटकतं.

पुण्यात ही गाडी निवांत, चहूबाजूंनी बघायला मिळाली. साध्या ५ सिरीजपेक्षा पुढून ७५ आणि मागून ४८ मिलिमीटर रुंद आहे. आकडा वाचून काही वाटत नाही, पण पुढच्या चाकाशी उकिडवं बसून बोनेटच्या रेषेत बघितलं की फेंडर दरवाज्याच्या पातळीतून कसा बाहेर येतो ते दिसतं. त्याच डाव्या फेंडरवर चार्जिंगचं झाकण. मागच्या खिडकीच्या कोपऱ्यात पत्र्यावर एम५ कोरलेलं. ग्रिलभोवती उजेडाची कड. मागे चार जाड सायलेन्सर आणि त्यांच्यामध्ये भला मोठा काळा डिफ्यूझर. एकेक गोष्ट उत्तम बनवली आहे, फिनिशिंगला नाव ठेवायला जागा नाही. पण सगळ्या मिळून गाडी ओरडते.

आणि एम५ ची खरी गंमत न ओरडण्यातच होती. १९८५ ची पहिली ई२८ घ्या. साडेतीन लिटरचं सहा सिलिंडरचं २८६ पीएसचं इंजिन, ते एम१ या सुपरकारच्या इंजिनाच्या घराण्यातलं, आणि दिसायला शेजारच्या प्रोफेसरांची ५ सिरीज. ज्याला कळतं त्यालाच कळायचं. पुढच्या ई३९ पिढीपर्यंत, एफ१० पर्यंतसुद्धा हा संयम थोडाफार टिकला. या गाडीने तो सोडला असं माझं स्पष्ट मत आहे. हायब्रिड मला चालेल. नवरदेवासारखी सजलेली एम५ नाही चालत.

तुमचं काय म्हणणं? फक्त "भारी" किंवा "बेकार" लिहू नका, कारण लिहा.

लळिंग घाट (धुळे)

दादा, धागा चांगला काढलात. पण रूपावर इतकं लिहून वजन एका ओळीत उरकलंत, हे काही पटलं नाही.

मी हातात पाना घेऊन वाढलेला माणूस, मुंबई-आग्रा रोडवर वडिलांचं गॅरेज होतं. एफ९०, म्हणजे हिच्या आधीची एम५ पिढी, आली तेव्हा कंपनीने तिचं वजन १,८५५ किलो सांगितलं होतं. म्हणजे ही ५८० किलोने जड. एका पिढीत जवळजवळ सहा क्विंटल! ताकद वाढली म्हणता, तर भागाकार करून बघा. आधीची ६०० पीएसची गाडी टनामागे ३२३ पीएस द्यायची. ही ७२७ ची असून टनामागे २९९ वर येते. म्हणून तर शून्य ते शंभरला ३.४ ऐवजी ३.५ सेकंद लागतात. एवढा खटाटोप करून गाडी सेकंदाच्या दहाव्या भागाने मागे!

आणि सरळ रस्त्यावर पळणं हे अर्धंच काम. ब्रेकचं बघा. त्याच वेगातून थांबायचं तर वजनाच्या प्रमाणात जास्त ऊर्जा जिरवावी लागते, म्हणजे इथे ३१ टक्के जास्त. औट्रम घाट चाळीसगावच्या बाजूला उतरून बघा आणि मग बोला. पुढे २८५ चे वीस इंची आणि मागे २९५ चे एकवीस इंची टायर आहेत. म्हणजे पुढचा टायर मागे चालत नाही, आणि त्यातला एक फाटला तर धुळ्यात कोणाकडे तयार मिळणार?

दुबईत नोकरीला होतो तेव्हा ई३९ एम५ चालवली आहे. ४.९ लिटरचा विनाटर्बो व्ही८, ४०० पीएस, हाताचे सहा गिअर. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप. पायाचा अंगठा दाबला की इंजिन त्याच क्षणी उत्तर द्यायचं, मध्ये कुणी दुभाषा नाही. पावणेदोन टनांच्या आसपासची गाडी, पण वळणावर ती कुठे आहे हे पाठीला कळायचं. आत्ताच्या गाडीत ते सॉफ्टवेअरला कळतं. मला कळायला हवं, मी चालवतोय.

साक्रीकर

भो, माले ते तिन्हं रूपच आवडनं! एवढा पैसा टाकाना आनि गाडी गावमा वनी ते कोनले समजाले नको? तापीकाठ भाऊ, तुमन्ही आवड येगळी शे, आमन्ही येगळी शे.

बाकी वजनाचं लळिंगभाऊ म्हणतात ते शंभर टक्के बरोबर. कोंडाईबारी घाटात ट्रकच्या रांगेमागे ७२७ पीएस काय आणि ७२ काय.

शहाद्याची लेक (सध्या पुणे)

मी वाहन उद्योगातच आहे, पॉवरट्रेनवर, म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सवर, काम करते. बीएमडब्ल्यूशी माझा काही संबंध नाही, त्यामुळे मोकळेपणी लिहिते.

लळिंगदादा, भागाकार बरोबर आहे तुमचा. पण हे वजन कुणी हौस म्हणून घातलेलं नाही. युरोपात प्रत्येक कंपनीला विकलेल्या सगळ्या गाड्यांची कार्बन डायऑक्साइडची सरासरी ठरावीक मर्यादेत ठेवावी लागते, नाहीतर ग्रॅममागे दंड बसतो. ही मर्यादा ९५ ग्रॅमच्या आसपास आहे. निव्वळ पेट्रोलवरचा मोठा व्ही८ त्या चाचणीत याच्या दुपटी-तिपटीने आकडा देतो. या एम५ चा अधिकृत आकडा मात्र ती बाजारात आली तेव्हा ३७ ते ३९ ग्रॅम होता, कारण प्लग-इन हायब्रिडच्या चाचणीत बॅटरीवर चाललेलं अंतरही हिशेबात धरतात. बॅटरी रिकामी ठेवून गाडी पिटाळली तर प्रत्यक्षात असा आकडा कधीच येणार नाही, हे मी लपवत नाही. पण नियमाच्या वहीत तो येतो आणि त्या वहीच्या जोरावर व्ही८ जिवंत राहतो. बॅटरी काढा म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं की बॅटरीबरोबर आठातले चार सिलिंडरही जातील.

हे काल्पनिक नाही. मर्सिडीजच्या एएमजी सी६३ चं तेच झालं. तीही आपल्याकडे नोव्हेंबर २०२४ मध्येच आली, १ कोटी ९५ लाखांना. आधीच्या सी६३ मध्ये व्ही८ असायचा, सुरुवातीला ६.२ लिटरचा आणि नंतर चार लिटर ट्विन टर्बो. नवीत दोन लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन. ते एकटं ४७६ पीएस देतं. इंजिनिअर म्हणून मला ते अफाट वाटतं, तेवढ्याशा इंजिनातून इतकी ताकद काढून ते टिकाऊ ठेवणं सोपं नाही. मोटर धरून ६८० पीएस होतात. पण बॅटरी जेमतेम ६.१ किलोवॅट-तासाची, विजेवर १३ किलोमीटर. वजन तरी २,१११ किलो! म्हणजे व्ही८ गेला आणि हलकेपणाही मिळाला नाही. त्यापेक्षा बीएमडब्ल्यूने केलेला सौदा मला शहाणपणाचा वाटतो.

ब्रेकचं म्हणाल तर हायब्रिडमध्ये घाट उतरताना मोटर जनरेटरसारखी चालून वीज बनवते, तेवढा भार डिस्कवरून कमी होतो. औट्रम घाट उतरताना ही गाडी थोडीफार बॅटरी भरून घेईल. जोरात दाबलेल्या ब्रेकला मात्र तुमचाच हिशेब लागू.

भुसावळ लोको शेड

ताई, छान समजावलंत. आता आमच्या उन्हाचं बोला.

मे महिन्यात भुसावळला ४५ च्या वर पारा जातो. दुपारी बंद उभ्या गाडीच्या स्टिअरिंगला हात लावायची सोय नसते. लिथियम-आयन बॅटरीला माणसासारखीच हवा लागते, पंचवीस-तीस अंशांत ती सुखी असते. उन्हात बॅटरी थंड ठेवायला एसीचा कॉम्प्रेसर राबणार, केबिनचा एसीही त्याच्याच जिवावर. मग ६९ किलोमीटरमधले खरे किती उरणार?

शिवाय घरचा चार्जर ७.४ किलोवॅटचा म्हणजे सिंगल फेजवर ३२ अँपिअरची स्वतंत्र लाइन ओढावी लागते. पूर्ण भरायला तीन तासांच्या वर. शहरात होईल. मळ्यात राहणाऱ्याला व्होल्टेज संध्याकाळी कसं असतं ते सांगायला नको.

पेट्रोलचंही आहेच. इतक्या जोरकस टर्बो इंजिनाला वरचा ऑक्टेन, म्हणजे ठोका न देता जळणारं पेट्रोल, लागतो. १०० ऑक्टेनचं पेट्रोल इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये आणलं ते निवडक शहरांत, त्यात आपल्या राज्यातले मुंबई आणि पुणे. खान्देशात ते मिळालं नाही तर ९५ वर भागवायचं. म्हणजे इंजिन ठोका ऐकू येण्याआधीच स्वतःहून ठिणगीचं टायमिंग मागे घेणार आणि तुम्ही पैसे मोजलेले सगळे पीएस मे महिन्यात तरी मिळणार नाहीत.

तापीकाठ (जळगाव)

लोको शेड, उन्हाचा मुद्दा लाखमोलाचा. पण मी उलट बाजूने बघतो. जळगाव ते भुसावळ पंचवीस किलोमीटर धरा. जाऊन येऊन पन्नास. उन्हाने रेंज खाल्ली तरी आपल्या भागातला कामाचा दिवस बराचसा विजेवर निघतो. कारखान्यात जा, कोर्टात जा, संध्याकाळी मेहरूण तलावाकडे चक्कर मारा, इंजिन सुरूच होणार नाही. विजेवर १४० पर्यंत वेग जातो, म्हणजे हायवेलाही अडचण नाही. आणि पहाटे नाशिकला निघालात की व्ही८ आहेच. पेट्रोलवरच्या जुन्या एम५ ला गावातल्या गर्दीत दोन-तीनचं मायलेज मिळायचं आणि ती तापायची. रोज वापरता येणारी वेगवान गाडी, हीच एम५ ची मूळ कल्पना. त्या बाबतीत नवी गाडी मूळ कल्पनेच्या जास्त जवळ आली आहे असं मी म्हणतो.

म्हणूनच तिच्या रूपाचं जास्त वाईट वाटतं. आवाज न करता घरातून निघणारी गाडी, आणि अंगावर एवढा थाट!

केळीपट्टा (रावेर)

रामराम. तुम्ही सगळे इंजिनावर आहात, मी जरा व्यवहाराचं बोलतो.

ही गाडी जर्मनीत डिंगॉल्फिंगला बनते आणि तिथून पूर्ण तयार होऊन येते. त्यामुळे किमतीत आयात शुल्क आधीच बसलेलं. २०१८ मध्ये एफ९० आली ती १ कोटी ४३ लाखांना, तिचीच २०२१ मधली कॉम्पिटिशन आवृत्ती १ कोटी ६२ लाखांना. ही नवी २०२४ मध्ये आली ती दोन कोटींना लाखभर कमी. त्यावर आपल्या राज्याचा रोड टॅक्स. आयात गाडीला २० टक्के, पण कमाल मर्यादा आहे. ती आधी २० लाख होती, १ जुलै २०२५ पासून ३० लाख झाली. दोन कोटींच्या गाडीला २० टक्के म्हणजे ४० लाख होतात, म्हणजे मर्यादेला टेकून ३० लाख भरा. नुसत्या टॅक्सच्या पैशांत आमच्याकडे दोन चांगले ट्रॅक्टर अवजारांसकट येतात आणि तरी पैसे उरतात.

मी असूयेने बोलत नाही. ज्याने घाम गाळून कमावलं त्याने खुशाल घ्यावी. पण घेणाऱ्याने सर्व्हिसचा विचार आधी करावा. आमच्या एका पाहुण्यांची दुसऱ्या एका महागड्या कंपनीची गाडी एका सेन्सरसाठी फ्लॅटबेडवर जिल्ह्याबाहेर गेली आणि तीन आठवडे तिकडेच उभी राहिली. लग्नसराईत त्यांनी भाड्याची गाडी वापरली. हायब्रिडमध्ये तर हाय व्होल्टेजचं काम, गावातला वायरमन किंवा आपला नेहमीचा मिस्त्री हातच लावू शकत नाही, आणि लावूही नये.

रूपाबद्दल मी साक्रीकरांच्या बाजूने. मला ते रुंद खांदे आवडले. गाडी बसलेल्या वाघासारखी दिसते.

लळिंग घाट (धुळे)

ताईंचं कार्बनचं पटलं. नियमामुळे वजन आलं, हे मान्य. पण कारण समजलं म्हणून पाठीला ते वजन जाणवायचं थांबत नाही ना.

एक गोष्ट मात्र चांगली केली, ती लिहायलाच हवी. फोर व्हील ड्राइव्ह बंद करून फक्त मागच्या चाकांवर गाडी चालवायची सोय ठेवली आहे. एफ९० मध्ये होती तीच. मागची चाकंही थोडी वळतात, दीड अंशापर्यंत. तीन मीटरचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) असलेल्या गाडीला बाजारातल्या वळणावर त्याचा उपयोग होतो. आणि बॅटरी तळाला आहे, म्हणजे वजन निदान खाली बसलंय. तेवढंच वजन डिकीत असतं तर मी हा धागा वाचलाही नसता.

आतल्या रचनेवर कुणी बोललं नाही. एसीचा पंखा कमी-जास्त करायला स्क्रीनवर बोट फिरवायचं! ताशी १२० वर रस्त्यावरून नजर काढून? एवढा चालकाचा कैवार घेणाऱ्या गाडीत हे कसं चालतं? स्टिअरिंगवरची लाल एम१ आणि एम२ बटणं ठेवली, ते बरं केलं. एकदा आपल्या मनासारखं इंजिन, सस्पेन्शन, स्टिअरिंग लावून ठेवलं की एका अंगठ्यात काम.

शहाद्याची लेक (सध्या पुणे)

एसीच्या स्क्रीनबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. नवीन ५ सिरीजमध्येही हेच दुखणं आहे. बटण काढलं की खर्च वाचतो, हेच त्यामागचं खरं कारण, आणि दोन कोटींच्या गाडीत ते मान्य होण्यासारखं नाही.

अजून एक. ई३९ च्या तत्पर थ्रॉटलबद्दल तुम्ही लिहिलंत. टर्बो आल्यापासून जी क्षणभराची वाट बघावी लागायची, ती ही मोटर भरून काढते. टर्बो फिरायच्या आत टॉर्क चाकांना मिळालेला असतो. विनाटर्बो इंजिनाचा चढता सूर परत येणार नाही, पण अंगठ्याला उत्तर मिळतं. चालवून बघा, मग रागवा.

शिरपूरकर

सगळ्यांना नमस्कार. गुपचूप वाचत होतो, आता विचारतोच. आमच्या काकांचं या गाडीवर मन बसलंय. वय ५८, स्वतः चालवतात, ड्रायव्हर ठेवत नाहीत. आठवड्यातून एकदा शिरपूर ते इंदूर, बाकी मिल ते घर. सध्या मोठी एसयूव्ही आहे. घरच्यांचं म्हणणं, ५ सिरीजची लांब व्हीलबेसवाली निम्म्याहून कमी किमतीत येते, ती घ्या. काय करावं?

तापीकाठ (जळगाव)

शिरपूरकर, काका स्वतः चालवतात म्हणजे लांब व्हीलबेसचा प्रश्न निकालात. ती मागे बसणाऱ्यांसाठी आहे. एम५ आपल्याकडे साध्या व्हीलबेसवर येते, मागे ऐसपैस आहे पण पाय पसरून झोपायची गाडी नव्हे. काकूंना आधी मागे बसवून बघा.

मिल ते घर हे रोजचं अंतर तीस-चाळीसच्या आत असेल तर विजेचा पुरेपूर फायदा मिळेल. बिजासन घाटात व्ही८ चा. काकांचं वापरायचं गणित या गाडीला छान बसतंय असं मला वाटतं, आणि रूप आवडत नसूनही हे लिहितोय.

घेण्याआधी घरच्या गेटची रुंदी मोजा. गाडी १,९७० मिलिमीटर आहे, आरसे धरून दोन मीटरच्या बरीच वर. मिलच्या आवारातले गतिरोधक बघा. ५,०९६ मिलिमीटरची लांबी आणि खाली बॅटरी आहे, सरळ चढवली तर पोट घासेल, तिरकी घ्यावी लागेल. ३२ अँपिअरची लाइन वायरमनकडून आधी तपासून घ्या. आणि बॅटरीच्या वॉरंटीत काय बसतं, काय नाही, ते तोंडी न ऐकता लेखी घ्या.

लळिंग घाट (धुळे)

यात माझी भर. टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या गल्लीत घेऊ नका. एक तरी खराब रस्ता आणि एक तरी जोरात ब्रेक दाबायची मोकळी जागा मागून घ्या. जड गाडीचं खरं रूप तिथे कळतं. टायरचा एक जादा जोड गाडीबरोबरच मागवा.

शिरपूरकर

मनापासून आभार. गेट मोजलं, दहा फूट आहे. गतिरोधक दोन फोडून सपाट करायला काका आत्ताच तयार झालेत! ते विचारतात, तापीकाठदादा आणि लळिंगदादा टेस्ट ड्राइव्हला सोबत येतील का? येण्या-जाण्याची सोय आमच्याकडे.

लळिंग घाट (धुळे)

मी येतो. मागच्या चाकांवरचा मोड मात्र मी लावणार, काकांना आधी सांगून ठेवा.

तापीकाठ (जळगाव)

मीही येतो. दुपारी दोनची वेळ मागा. सकाळच्या गारव्यात बॅटरीचं आणि एसीचं काहीच कळणार नाही. आणि बॅटरी पूर्ण भरून ठेवायला सांगा, पहिले वीस किलोमीटर फक्त विजेवर चालवायची. रेंज किती पडली ते इथे आकड्यात लिहितो.